फळीवरची मधली जागा

आमच्या पोदग्राबमध्ये बालोतेचं मैदान उघडतं त्या रविवारी दुपारनंतर कुणाच्याच घरी चूल पेटत नाही. बालोते म्हणजे लाकडी गोळे फेकायचा खेळ. खेळतात पुरुष, पण त्यांना शिव्या घालायला बाया लागतातच. मग भांड्यापाशी बसणार कोण? म्हणून प्रत्येक घरानं एक फळी आणायची. फळीवर जे असेल ते चुलीला न लागलेलं हवं. कापलेलं, सोललेलं, मुरलेलं, खारवलेलं, वाऱ्यावर सुकवलेलं, काहीही चालेल. मैदानाच्या दगडी कठड्यावर सगळ्या फळ्या ओळीनं मांडायच्या, आणि मग सगळं गाव हात पाठीमागे बांधून एकेका फळीपुढून सावकाश चालत जातं, जसं काही कुणाला खायचंच नाहीये. त्या एका फेरीत प्रत्येक घराची वर्षभराची अब्रू ठरते.

ती फेरी दरवर्षी आमच्या फळीपाशी येऊन अडायची. आमची फळी म्हणजे पीठ मळायच्या जुन्या काठवटीचं झाकण, तुतीच्या लाकडाचं, दोघांनी उचलावं इतकं लांब. ते होतं माझ्या सासूचं, तोंकाचं. तोंका गेल्या ऑक्टोबरात गेली. यंदाची फळी लावायची होती मला.

मी यासेन्का. माझं माहेर स्लाव्होनियातलं, म्हणजे सपाट मुलखातलं, जिकडे बघाल तिकडे मका. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी इथले लोक मला 'मक्याची' म्हणतात. प्रेमानं म्हणत असावेत अशी मी समजूत करून घेतली आहे. शिवाय हे सगळे बोलतात ते ओरडून. दगडी डोंगरात राहून आवाज असाच होत असेल असं मला वाटायचं. माझे सासरे येर्को आणि त्यांचा दोस्त श्पिरो अंगणात बसून हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले, की पहिल्या वर्षी मी मारामारी सोडवायला बाहेर धावत जायची.

पण त्या रविवारी मी अशी खुशीत होते, की पाय जमिनीवर ठरत नव्हते. फळी कशी लावायची ते मला आठवड्यापूर्वीच सुचलं होतं, आणि सुचल्यापासून मी कुणाला सांगितलं नव्हतं. तोंका सगळं ओळीत लावायची, शाळेतल्या पोरांसारखं. मी ठरवलं होतं, की फळीवर आपला डोंगरच उतरवायचा. वरच्या टोकाला उघडा कातळ, त्याखाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, मग ऑलिव्हच्या बागा आणि खालच्या टोकाला समुद्र.

सकाळी उठले तीच भिडले. मेंढीच्या दुधाचं कडक चीज सुरीनं न कापता हातानं मोडलं, म्हणजे त्याचे ओबडधोबड खडक झाले. खडकांच्या फटींत बदाम. त्याखाली मोठ्या दाण्याच्या कोवळ्या शेंगा, काही अख्ख्या, काही उघडून आतली हिरवी पोरं दाखवणाऱ्या. त्यांच्या मधून लाल मुळ्याच्या चकत्या. मग ठेचलेली हिरवी ऑलिव्हं, तोंकानं स्वतः मुरवलेल्या केपरच्या कळ्या, तिच्या हातची शेवटची बरणी. ती उघडताना मी क्षणभर थांबले, आणि मग उघडली, कारण तीच म्हणायची, बरणी काय जन्मभर बघत बसायला असते का! अगदी खाली समुद्र. मिठातले छोटे मासे धुऊन, काटा काढून, तेलात आणि कांद्याच्या पातळ चकत्यांत लाटांसारखे वळवलेले. काठाला मोतार, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांवर उगवणारा पाला, व्हिनेगरमध्ये मुरवलेला. एका कोपऱ्यात बडीशेप लावलेले सुके अंजीर आणि साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या साली, म्हणजे पोरंटोरं तिकडेच राहतील आणि माशांत हात घालणार नाहीत.

माझा नवरा फ्राने कॉफीचा कप घेऊन आला, फळीकडे बघून तसाच उभा राहिला.

"यासे, हा तर आपला डोंगर आहे!"

"कळलं ना? बघितल्याबरोबर कळलं ना?" मी जवळजवळ ओरडलेच. हल्ली मीही ओरडायला लागले आहे.

"हा समुद्र. ही श्पिरोची बाग, वाकडी आहे अगदी तशीच. आणि गाव कुठाय? मधे तर नुसतं लाकूड दिसतंय."

"गाव मधेच. मांडी आली की होईल गाव."

फ्रानेनं कप खाली ठेवला. "मांडी," तो म्हणाला, आणि त्यानं वर माळ्याकडे बघितलं.

तिथंच तर सगळं घोडं अडलं होतं.

आमच्याकडे माळ्यावर पर्शुत टांगलेला असतो, डुकराची अख्खी मांडी, मिठात घालून, धुरी देऊन, बोरा नावाच्या थंड डोंगरी वाऱ्यावर वर्षाहून जास्त सुकवलेली. फळीच्या मधली जागा तिची. पण आमच्या घराचा एक नियम आहे, आणि तो कोणी केला हे कुणालाच माहीत नाही. वसंतात कुक्कू पक्षी परत येतो आणि पहिल्यांदा बोलतो, त्याआधी नव्या मांडीला सुरी लावायची नाही. आणि कुक्कू ऐकायचा तो घरच्या मोठ्यानं, स्वतःच्या कानांनी. शेजाऱ्यानं ऐकून चालत नाही.

कुक्कू आठवडाभर बोलत होता! खालच्या ओकांतून, वरच्या कातळातून, एकदा तर थेट आमच्या गोठ्याच्या छपरावरून. सगळं गाव ऐकत होतं. एकटे बाबा, म्हणजे माझे सासरे, सोडून.

"बाबा, आज बोलला," मी सोमवारी म्हटलं.

"कोण?"

"कुक्कू! ओकांत. पोस्टमनसुद्धा म्हणाला."

"मांडी पोस्टमनची आहे का?" बाबा म्हणाले. "मी ऐकला नाही म्हणजे बोलला नाही."

मंगळवारी फ्रानेनं सांगून बघितलं. बुधवारी श्पिरोनं. श्पिरोला तर त्यांनी काठीच उगारून दाखवली, आणि त्यालाही कारण होतं. तरुणपणी एकदा श्पिरो कुंपणामागे बसून असा हुबेहूब कु-क्कू करत राहिला, की बाबांनी मांडी उतरवली आणि कापली. आतून ती ओली निघाली. त्या वर्षी सगळं घर उन्हाळाभर एकमेकांशी चिडून बोलत होतं. तेव्हापासून बाबा कुणाच्या सांगण्यावर कुक्कू मानत नाहीत.

शनिवारी मी शेवटचं विचारलं. "बाबा, उद्या मैदान उघडतंय. मांडी नसली तर फळी अर्धी."

"मग नका नेऊ फळी."

"आणि तुम्ही?"

"मांडी नाही तर फळी नाही. फळी नाही तर मी तिथं जाऊन काय करू?" असं म्हणून त्यांनी टीव्हीवरच्या फुटबॉलचा आवाज इतका वाढवला, की मांजर उठून बाहेर गेलं.

तोंका गेल्यापासून बाबा अंगणाच्या फाटकाबाहेर पडले नव्हते. चर्चला नाही, खानावळीत नाही, मैदानावर तर नाहीच. खरं सांगायचं तर फळीची अब्रू मला हवीच होती, मी काही संत नाही. पण त्याहून जास्त मला हा म्हातारा त्या कठड्यावर बसलेला हवा होता, श्पिरोला शिव्या घालताना. आणि मनात एक काटाही होता. मला वाटत होतं, कुक्कू हे नुसतं निमित्त आहे. तोंकाच्या फळीला मक्याचीचा हात लागतोय, हेच त्यांना नको आहे. दोन वर्षं मी या घरात भांडी घासली, शेंगा लावल्या, तोंकाच्या शेवटच्या महिन्यांत तिचे केस विंचरले, आणि तरी मी उंबऱ्यावरचीच. हा विचार आला की माझं डोकं फिरायचं.

त्याच फिरलेल्या डोक्यानं मी एक काम करून ठेवलं होतं. माझ्या आईनं बसमधून कुलेन पाठवला होता. कुलेन म्हणजे आमच्या स्लाव्होनियाचा दंडाएवढा जाड सॉसेज, तिखट, लालभडक. बाबा नाही म्हणाले तर गावाच्या जागी कुलेन, असं मी ठरवलं होतं.

दुपारी श्पिरो डोकावला. फळीभोवती एक चक्कर मारून त्यानं कुलेनकडे बोट केलं.

"हे काय गं, मक्याची?"

"दिसत नाही? कुलेन."

"तोंकाच्या फळीवर? मधोमध?" त्यानं टोपी काढली. "म्हणजे स्लाव्होनियानं आमचं गाव घेतलं म्हणायचं! लढाई न होता!"

"तुमच्या दोस्ताला सांगा, दार उघडं ठेवलं त्यानंच."

"त्याला सांगून उपयोग?" श्पिरो अंगणाकडे बघत म्हणाला. "सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. पण पोरी, हे तिथं आणू नकोस हं. लोक हसतील असं नाही. लोक गप्प बसतील. ते वाईट." हे मात्र तो हळू आवाजात बोलला, आणि तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं, की या माणसाला हळूही बोलता येतं.

तो गेला आणि मी नणंदेला फोन लावला. दिवना झादरला असते, जिभेची तिखट पण मनाची मऊ.

"दिवना, कुक्कूच्या दिवशी मी दोन्ही वर्षं नेमकी शेतात होते. आई काय करायची गं? बाबा दरवर्षी इतकेच अडून बसायचे?"

"छे! आई असताना कधी वेळच नाही आली. कुक्कू आला की बाबा लगेच ऐकायचे. आईची तर त्या दिवशी नुसती धांदल उडायची."

"कसली धांदल?"

"अगं, पहिला कुक्कू बोलतो तेव्हा खिसा रिकामा असू नये म्हणतात ना, नाहीतर वर्षभर कडकी. तर आई हातातलं काम टाकून पन्नास लिपाचं नाणं घेऊन बाबांकडे धावायची. ओल्या हातानंच त्यांच्या शर्टाच्या खिशात कोंबायची. आम्ही पोरं खूप हसायचो. बाबा म्हणायचे, झालं, आली बँक! आणि मग उठून म्हणायचे, ऐकलंत का रे, कुक्कू बोलला." दिवना हसता हसता थांबली. "आईशिवाय कसला कुक्कू गं त्यांना. जाऊ दे. तू फळी ने. फोटो पाठव."

मी फोन ठेवला. आईशिवाय कसला कुक्कू, हे मला पटलं, पण त्यानं मांडी काही खाली उतरत नव्हती. पाव अजून कापायचा होता, आणि कांद्याच्या पातीही. मैदानावरून गोळ्यांचा पहिला ठक्क आवाज येऊन गेला. मी उरलेल्या शेंगांची टोपली उचलून अंगणात गेले. बाबा द्राक्षाच्या मांडवाखाली बाकावर बसले होते, गुडघ्यांवर ताट, आणि न सांगता शेंगा सोलत होते. समोर पायाशी मांजर झोपलं होतं. मी टोपली ठेवली आणि त्यांच्यासमोर दगडावर बसले. बोलायचं काय? रागही होता, मायाही होती.

आणि कुक्कू बोलला.

लांबून नाही. अंगणाच्या भिंतीपलीकडे बदामाचं झाड आहे ना, त्यातून. कु-क्कू. इतका जवळ, इतका मोठ्यानं, की मी दचकले. मांजरानं डोकं वर केलं, दोन्ही कान भिंतीकडे वळवले. कु-क्कू. कु-क्कू.

बाबांचा अंगठा शेंगेच्या शिवणीवरून तसाच पुढे सरकला. शेंग उघडली, दाणे ताटात पडले, टरफल टोपलीत. दुसरी शेंग. कु-क्कू. अंगठा थांबला नाही, डोळा हलला नाही. हट्टी माणूस ऐकून न ऐकल्यासारखं करतो तेव्हा त्याचा जबडा आवळतो. माझ्या बापाला मी जन्मभर बघितलंय. यांचा चेहरा तर शांत, नुसता वाट बघणारा. ते मधूनच मान वर करून खालच्या ओकांकडे बघत होते. तिकडून येईल म्हणून.

आणि मला एकेक आठवायला लागलं. ओरडून बोलणारा श्पिरो. फुटबॉलचा आवाज. मी काही विचारलं की आधी माझ्या तोंडाकडे बघणारे बाबा. पन्नास लिपाचं नाणं! तोंका कडकीला घाबरून धावत नव्हती. तोंका त्यांना सांगत होती. पोरांसमोर, दोस्तांसमोर, कुणालाही न कळता, दरवर्षी. आणि आम्ही सगळे आठवडाभर त्यांच्या कानाशी ओरडत होतो, बोलला, बोलला, तुम्हालाच कसा ऐकू आला नाही! काय वाटलं असेल त्या माणसाला?

मला रडू येत होतं आणि हसूही, पण त्याला वेळ कुणाला होता? कुक्कू उडून गेला तर? मी ॲप्रनच्या खिशात हात घातला. पावाचे पैसे देऊन उरलेलं एक युरोचं नाणं होतं. हात तेलकट, माशांचा वास. राहू दे. मी उठले, टोपली उचलल्यासारखं केलं आणि बाकामागून जाता जाता वाकून ते नाणं त्यांच्या शर्टाच्या खिशात सोडलं.

अंगठा थांबला.

बाबांनी वर बघितलं नाही. त्यांनी तळहात खिशावर ठेवला, अगदी सावकाश, आणि तसाच ठेवून राहिले. मी पाठीमागे उभी. माझ्या छातीतले ठोके त्यांना ऐकू गेले असते, ऐकू येत असतं तर.

मग ते ताट बाजूला ठेवून उठले, घसा खाकरला आणि घराकडे तोंड करून असे गरजले, की मांजर पळालंच.

"फ्राने! बहिरे झालात का सगळे? कुक्कू बोलतोय कधीचा! कुणाला ऐकू येतोय का तेच बघत बसलो होतो मी! शिडी लाव!"

पुढचा गोंधळ काय सांगू! फ्राने शिडी घेऊन धावला, शिडीनं आधी दिवा फोडला, मग दाराची चौकट खरवडली. मी एका हातात कंदील धरून माळ्यावर, बाबा माझ्या पुढे, सत्तरी उलटलेला माणूस माकडासारखा सरसर वर. मांडी उतरवली. काळपट, जड, कातड्यावर धुराचा थर. बाबांनी हाडाची बारीक सुई काढली, सांध्यापाशी खुपसली, उपसून नाकाशी धरली आणि डोळे मिटले. त्यांच्या नाकाला कुणी फसवू शकत नाही, गावात कुणाचीही मांडी असो, सुई यांच्याच नाकाशी येते.

"हं," ते म्हणाले. आणि मग त्यांनी सुई माझ्या नाकाशी धरली. "तूही घे."

या घरात सुई आजवर दोघांनीच हुंगली होती, बाबांनी आणि तोंकानं. धूर, मीठ, आणि आत काहीतरी गोड, सुकामेव्यासारखं. मी मान हलवली.

फ्राने मांडी खांद्यावर टाकून खाली उतरला. बाबा शिडीपाशी थांबले, खिसा चाचपला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तोंका पन्नास लिपा द्यायची."

"लिपा बंद झाले, बाबा," मी त्यांच्यासमोर येऊन म्हटलं. "आता युरो."

"म्हणजे दर वाढवलास." एवढंच बोलले आणि उतरायला लागले.

मग सुरी. लांब, अरुंद, घासून घासून तारेसारखी झालेली. बाबा मांडीला कापत नव्हते, तिच्यावरून नुसतं वाजवल्यासारखी सुरी फिरवत होते, आणि लालसर, पारदर्शक, पांढऱ्या कडेच्या पाकळ्या माझ्या हातावर पडत होत्या. पलीकडून सुरी दिसावी इतकी पातळ. मी त्या पाकळ्या उचलून दुमडून फळीच्या मधोमध बसवत गेले, एकीला एक टेकून, छपरांसारख्या. हे चर्च, ही खानावळ, हे आमचं घर. गाव वाढत गेलं. कुलेन मी केव्हाच उचलून कपाटात टाकला होता.

"ते लाल कुठं गेलं?" बाबा म्हणाले.

"नको, बाबा. तोंकाच्या फळीवर..."

"फळी कुणी लावली?"

"मी."

"मग आण की."

मी कुलेन आणला आणि चार चकत्या कापल्या. बाबांनी एक उचलून उजेडाकडे धरली. "हे काय? दाराला खिळा मारायचाय का यानं? एवढं जाड!"

"कुलेन जाडच कापतात!" मी तडकले. "तुमच्यासारखा कागद केला तर चव लागेल का त्याला?"

"बरं बाई, बरं." त्यांनी त्या चकत्या गावाच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला लावल्या. "ही तुझी बस. इथंच उतरली होतीस ना?"

फळी उचलली फ्राने आणि मी. बाबा पुढे. फाटकाशी ते किंचित थांबले, टोपी सारखी केली आणि पाऊल बाहेर टाकलं. मैदानापर्यंतच्या उतारावर फ्राने तीनदा म्हणाला, "हळू, समुद्र सांडतोय." मी हळू चालूच शकत नव्हते. मैदानावर आम्ही दिसलो तसे गोळे थांबले. श्पिरो हातातला गोळा फेकायचा विसरला, तो त्याच्याच पायावर पडला, आणि तरी तो तोंडानं "येर्को, येर्को" म्हणत लंगडत आला.

"कुक्कू बोलला," बाबांनी त्याला बजावलं. "खरा. तुझ्यासारखा भसाडा नव्हता."

मग फेरी. हात पाठीमागे, सावकाश. आमच्या फळीशी पहिला माणूस थांबला, दुसरा थांबला, मग मागचे पुढच्यांवर आदळले. कुणीतरी म्हणालं, "अरे, हा आपला डोंगर!" आणि मग काय, प्रत्येकाला स्वतःची बाग, स्वतःचा गोठा सापडायला लागला. पोस्टमन म्हणाला, माझं घर कुठाय, तर श्पिरो म्हणाला, तुझं मी आत्ताच खाल्लं. एका बाईनं मला कोपरानं ढोसून विचारलं, "तोंकानं शिकवलं होतं का गं?" मी सांगणार होते, हे माझं मी केलं. पण बाबांच्या शर्टाच्या खिशाकडे नजर गेली आणि तोंडातून "हो" आलं. अगदीच खोटं नव्हतं ते.

उन्हं उतरली तेव्हा फळीवर चार बदाम आणि माशांचं तेल उरलं होतं, पोरं तेसुद्धा पावानं पुसत होती. बाबा कठड्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी खिशातून युरो काढला, अंगठ्यानं पुसला आणि माझ्या ॲप्रनच्या खिशात टाकला.

"जपून ठेव," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी लागेल."

मी तो खिशात खोल सारला. मग ते माझ्याकडे झुकले आणि इतक्या हळू बोलले, की मलाच कान द्यावा लागला.

"आत्ता बोलतोय का गं?"

मैदानावर नुसता गलका होता. श्पिरो गोळ्यावरून भांडत होता, पोरं किंचाळत होती. मी डोळे मिटून त्या सगळ्याच्या पलीकडे ऐकायचा प्रयत्न केला. खाली, ओकांकडून.

"बोलतोय, बाबा."

"बरं," ते म्हणाले, आणि खिशातून कागदात गुंडाळून ठेवलेली कुलेनची जाड चकती काढून खायला लागले.